लेप मासा: ओळखायचा कसा, घ्यायचा कसा, सोलायचा कसा आणि तळायचा कसा

पापलेट आणि सुरमईचे भाव बघून मार्केटमधून नुसतंच परत यायची वेळ येते तेव्हा बाजूच्या टोपलीत पडलेल्या लेपाकडे जरा बघा. बहुतेक लोक बघत नाहीत, कारण दिसायला तो काही खास नाही, चपटा, मातकट, दोन्ही डोळे एकाच बाजूला, आणि घरी नेला की "आता याचं करायचं काय" हा प्रश्न. कोळीवाड्यात नाहीतर मालवण-गोव्याकडे वाढलेल्यांना हे सगळं सांगायची गरज नाही, पण पुण्यात, नाशकात, किंवा मुंबईतच बिल्डिंगमध्ये वाढलेल्या मंडळींना लेप म्हणजे कटकट वाटते. कातडं निघत नाही, मातीसारखा वास येतो, तव्यावर तुटतो, काटे लागतात, या चार तक्रारी हमखास.

माझं म्हणणं एवढंच आहे की या चारही तक्रारींचं कारण एकच आहे, हा मासा आयुष्यभर समुद्राच्या तळाला एका कुशीवर पडून राहतो. ते एकदा नीट समजून घेतलं की घेण्यापासून खाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट का करायची ते आपोआप कळतं. म्हणून रेसिपीवर उडी मारू नका, आधी थोडं खाली तळाला जाऊन येऊ.

तो राहतो कुठे आणि कसा

आपल्याकडे लेप म्हणून जे विकलं जातं ती एक जात नाही, सायनोग्लॉसस नावाच्या वंशातल्या बऱ्याच जाती त्या एका नावाखाली येतात. त्यातला मोठा, जाड खवल्यांचा आणि तळायला सगळ्यात बरा तो सायनोग्लॉसस अरेल. इराणच्या आखातापासून भारताचे दोन्ही किनारे धरून पार इंडोनेशिया आणि जपानपर्यंत हा सापडतो, साधारण ३० सेंटीमीटरपर्यंत मिळतो आणि क्वचित ४० पर्यंत जातो. दुसरा छोटा, वीतभर किंवा त्याहूनही लहान, तो मलबार सोल (लेपाला इंग्रजीत सोल म्हणतात), सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस. त्याचं खरं राज्य केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्याला, केरळात त्याला मांतळ म्हणतात आणि तिथे तो ताजाही खातात आणि सुकवूनही.

दोघांनाही लागतो तो मऊ तळ. चिखल, गाळ, बारीक वाळू मिसळलेली माती. खडक नको, प्रवाळ नको. किनाऱ्याच्या उथळ पाण्यापासून साधारण शंभर-सव्वाशे मीटर खोलीपर्यंत अरेल मिळतो. आपल्या कोकणच्या खाड्या आणि नद्या, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, दर पावसात सह्याद्रीची माती समुद्रात आणून टाकतात, उत्तरेला तापी-नर्मदेचा गाळ खंबातच्या आखातात येतो, त्यामुळे पालघर-मुंबई-रायगडच्या समोरचा तळ बऱ्यापैकी चिखलाचा आहे. आणि चिखल आला की त्यात किडे आले, म्हणजे समुद्री गांडुळासारखे अळीवर्गीय प्राणी, बारीक कोळंबी, छोटे शिंपले. लेपाचं जेवण तेच. म्हणूनच तो मुद्दाम लेप पकडायला गेलेल्या बोटीत कमी आणि कोळंबीच्या ट्रॉलमध्ये जास्त येतो, कोळंबी आणि लेप दोघंही एकाच तळाला राहतात आणि ट्रॉलचं जाळं तळ घासतच जातं.

आता यातली खरी गंमत. लेपाचं पिल्लू जन्मतः इतर माशांसारखंच असतं, उभं पोहणारं, दोन बाजूंना दोन डोळे. काही मिलिमीटरचं असतानाच त्याचा उजवा डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत डाव्या बाजूला येतो, मग ते आडवं होतं आणि तळाला बसतं, ते कायमचंच. मोठ्या लेपाला पोहायला उचलून धरणारी हवेची पिशवीही राहत नाही, छातीचे पर पण नसतात. पाठीचा पर, शेपूट आणि पोटाखालचा पर हे तिन्ही मिळून एकच झालर अंगाभोवती फिरते आणि त्या झालरीच्या लाटा करत तो तळालगत सरकतो. अंगावर माती उडवून घेतो, डोळे तेवढे बाहेर. तोंड सरळ नसतं, वाकडं, आकड्यासारखं, नाकाडाच्या खाली दडलेलं, आणि बारीक दात असतात ते खालच्या आंधळ्या बाजूच्या जबड्यात, वरच्या बाजूला नाहीतच. खाणं खाली मातीत आहे तर वर दात ठेवून करायचं काय!

म्हणजे त्याची एक बाजू तपकिरी, जाड, खरखरीत, डोळे असलेली. दुसरी पांढरी, मऊ, जमिनीला टेकलेली. हे दोन बाजूंचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

मार्केटमध्ये ओळखायचा कसा

मासा हातात घ्या आणि तोंड डावीकडे करून पाठीची कड वर धरा. दोन्ही डोळे तुमच्याकडे बघत असतील तर तो डाव्या बाजूचा, लेपाच्या कुळातला. डोळे अगदी बारीक, जवळजवळ. अंग लांबट आणि शेपटीकडे निमुळतं होत टोकाला संपतं, वेगळी पंख्यासारखी शेपूट दिसत नाही. तपकिरी बाजूला नीट बघितलं तर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन समांतर रेषा जातात, अरेल असेल तर. ओठांना झालर दिसली, बारीक बारीक धाग्यांची, तर ती त्याच कुळातली पण वेगळ्या वंशातली बहीण आहे, पण ती पण लेप म्हणूनच विकतात आणि खायला काही वाईट नाही, उगाच वाद घालू नका.

घोटाळा होतो तो भाकसाशी. भाकस पण चपटा, पण अंगाने रुंद, जाड, तोंड मोठं आणि दात चांगले टोकदार, हात घालू नका. त्याचे डोळे कधी डाव्या बाजूला तर कधी उजव्या, आणि शेपूट वेगळी स्पष्ट दिसते. भाकस उत्तमच मासा आहे, जाड तुकड्या पडतात, पण त्याचं शिजवणं वेगळं आणि खाली जे लिहितोय ते त्याला लागू होणार नाही.

अजून एक, हॉटेलात किंवा फ्रोझन पाकिटात "सोल फिले" लिहिलेलं असेल तर एकदा विचारून घ्या नक्की कुठला मासा. पांढरी जाड गुबगुबीत फिले दिसली की मला शंका येते, कारण आपल्या लेपाची फिले तेवढी जाड निघूच शकत नाही. तशी फिले बहुतेक बासाची असते, आणि बासा हा गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला मासा, लेपाशी त्याचं काही नातं नाही.

कधी घ्यायचा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात जो "ताजा लेप" दिसेल तो एक तर बर्फातला जुना किंवा छोट्या होडीवाल्याचा, विचारल्याशिवाय घेऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की लेप यायला लागतो आणि पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, चांगला मिळतो. दक्षिणेकडे तर हाच त्याचा मुख्य हंगाम. त्याला कारण पण तळाचंच आहे, पावसाळी वाऱ्यांमुळे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला खोलातलं थंड आणि ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर किनाऱ्याकडे सरकतं, तळाला पडून राहणाऱ्या माशांना तिथे श्वास घेणं अवघड होतं, मग ते उथळ पाण्यात गोळा होतात आणि जाळ्यात भरपूर येतात.

कुठे घ्यायचा म्हणाल तर जमत असेल तर बंदरावर. मुंबईत ससून डॉक नाहीतर भाऊचा धक्का, पण पहाटे. रत्नागिरीत मिरकरवाडा, दापोलीकडे हर्णै, खाली मालवण, वेंगुर्ला. लांब राहत असाल तर ठरलेली मावशी असू द्या, तिला आदल्या दिवशी फोन करून "मावशी, लेप मोठे आले तर ठेवा, बारके नको" एवढं सांगितलं तरी अर्धं काम होतं. आणि बारके खरंच नको. एक तर सोलून हातात काही उरत नाही, दुसरं म्हणजे बोटाएवढी पिल्लं वाट्याने उचलायला लागलो तर पुढच्या वर्षी मोठे येणार कुठून. तळायला अरेल किमान वीतभर तरी असावा, त्याहून लांब मिळाला तर उत्तम.

ताजा आहे का ते कसं बघायचं

बाकीच्या माशांना आपण डोळे बघतो, लेपाचे डोळे एवढे बारीक की ते बघून काही कळत नाही. त्याऐवजी मासा डोक्याला धरून आडवा उचला. ताजा असेल तर पट्टीसारखा सरळ राहतो, शिळा खाली लोंबतो. मग उलटा करून पांढरी बाजू बघा, हीच खरी बोलते. दुधाळ पांढरी, चकचकीत हवी. पिवळट पडलेली, गुलाबी-लाल डाग आलेले, पोटाजवळ मऊ पडून फुगलेली, तर सोडून द्या. कल्ला उचलून आत लालसर आहे का बघा, करडा नको. अंगावर चिकट बुळबुळीत थर असतो तो पारदर्शक असला तर चांगलं लक्षण आहे, तो बघून नाक मुरडू नका, पांढरट दाट झाला असेल तरच प्रॉब्लेम.

वासाचं थोडं वेगळं. ताज्या लेपालाही हलका मातीचा, ओहोटीच्या चिखलासारखा वास असतो, तो तळाचा वास आहे, खराब झाल्याचा नाही. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर मात्र सरळ पुढच्या टोपलीकडे.

सोलायचा कसा

मावशी सोलून देत असेल तर देऊ द्या, त्यात कसली लाज, तिला एक मासा सोलायला अर्धं मिनिट पण लागत नाही. पण एकदा तरी घरी करून बघा कारण जमलं की मजा येते. लागतं काय, धारदार सुरी किंवा विळी, जाड मीठ, आणि एक कोरडं जुनं फडकं.

आधी मासा वाहत्या पाण्याखाली धुवा आणि मग चक्क कोरडा पुसा. ओला मासा धरता येत नाही, निम्म्या लोकांचं इथेच बिनसतं. तपकिरी बाजू वर करून पाटावर ठेवा. डोक्याच्या मागे, डोळ्यांपासून साधारण बोटभर अंतरावर, आडवा काप द्या, फक्त कातडीपुरता, मांसात खोल जायचं नाही. आता कापाची शेपटीकडची कड नखाने किंवा सुरीच्या टोकाने खरवडून थोडी सोडवा, अर्धा-पाऊण इंच पकडायला मिळेल एवढी. बोटांना मीठ लावा, कोळणी राख पण लावतात, उद्देश एकच की बुळबुळीतपणा जाऊन पकड बसावी. एका हाताने डोकं फडक्यात घट्ट दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने कातडं शेपटीकडे ओढा. वर नाही ओढायचं, जवळजवळ अंगालगत, मागे. पहिला इंचभर जड जातो, थांबून थांबून ओढावं लागतं, कडेला मांस सोबत यायला लागलं तर अंगठा कातड्याखाली सरकवून मांस खाली दाबत पुढे जा. एकदा अर्ध्यावर आलं की मग मोजा काढावा तसं शेवटपर्यंत सर्रकन निघतं आणि खाली शिरा दिसणारं स्वच्छ मांस राहतं.

पांढऱ्या बाजूचं काय करायचं यावर घराघरात दोन पक्ष आहेत. काहीजण ती पण सोलतात. मी फक्त खवले काढतो आणि कातडं ठेवतो. ती बाजू आयुष्यभर खाली होती, तिचं कातडं पातळ आहे, तपकिरी बाजूसारखे काटेरी खवले अरेलला तिथे नसतात, शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून बघा, फरक लगेच कळतो. शिवाय कातडं ठेवलं की तळताना मासा तुटत नाही आणि कुरकुरीत होतं ते वेगळंच. फक्त एक करा, त्या कातड्यावर तीन-चार तिरके काप द्या. नाही दिले तर गरम तेलात कातडं आकसतं आणि मासा वाकून बसतो, मग मधला भाग तव्याला लागतच नाही.

मग डोकं. सुरी डोक्यामागे तिरकी लावून डोकं कापा आणि पूर्ण तोडून टाकण्याआधी हलकेच ओढा, पोटातली घाण बहुतेक डोक्याबरोबरच बाहेर येते कारण या माशाचं पोट अगदी पुढे, डोक्याला लागून असतं आणि खूप छोटं असतं. उरलेलं बोटाने काढून काळं काही राहिलंय का बघा. तळातली माती किडे खाणारा मासा आहे, आतडं थोडं जरी राहिलं तरी रेतीसारखं दाताखाली येतं आणि वासाचं अर्धं कारण तेच. गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, असेल तर मात्र टाकू नका, ती पोटापासून मागे शेपटीकडे लांब गेलेली असते, अलगद सोडवून माशासोबतच तळा. शेवटी कात्रीने दोन्ही कडांची झालर कापा, निदान अर्धी तरी.

वास घालवणं आणि मसाला

सोललेला मासा मीठ आणि हळद चोळून दहा मिनिटं ठेवा, मग एकदाच धुवा. पाण्यात भिजत ठेवायचा नाही, पातळ मासा आहे, चव पाण्यात जाते आणि मांस भुसभुशीत होतं. नंतर आंबट. मला आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, सगळ्यात चांगलं वाटतं, चार-पाच मध्यम लेपांना दीड-दोन चमचे, नसेल तर चिंचेचा कोळ, तेही नसेल तर लिंबू. त्यात आलं-लसूण-कोथिंबीर-हिरवी मिरची वाटून, लाल तिखट किंवा घरचा मालवणी नाहीतर कोळी मसाला, मीठ बेताने कारण आधी लावलेलं आहे. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. सुरमईच्या तुकडीसारखा रात्रभर मुरवायला ठेवाल तर आंबटाने मांस मऊ पडून कडेने सुटायला लागेल.

तळणं

दोन भाग तांदळाचं पीठ, एक भाग बारीक रवा, चिमूटभर तिखट. मासा मसाल्यातून काढून जास्तीचं पाणी निथळू द्या, मग पिठात दाबून घोळवा आणि दोन मिनिटं ताटात पडू द्या, पीठ धरतं. बिडाचा तवा असेल तर तोच घ्या. तेल चांगलं तापलेलं पण धूर न येणारं, पिठाची चिमूट टाकली की लगेच तडतडली पाहिजे. कातडं ठेवलेली पांढरी बाजू आधी खाली टाका, पहिले काही सेकंद उलथन्याने हलकं दाबा, म्हणजे वाकायची संधीच मिळत नाही. मध्यम आचेवर तीन मिनिटं, हात लावायचा नाही. कड सोनेरी दिसली की एकदाच उलटा, दुसरी बाजू दोन मिनिटं पुरे. लेप शिजायला वेळ लागतच नाही, जास्त ठेवलात तर आतला ओलावा जाऊन पापड होतो, आणि मग लोक म्हणतात लेपात काही नसतं! तव्यावर गर्दी नको, एका वेळी दोन-तीनच.

खायचा कसा

काट्यांची भीती असणाऱ्यांसाठी खरं तर हा सोपा मासा आहे. दोन्ही कडांना झालरीचे बारीक काटे असतात, ते आधी बोटांनी ओढून बाजूला करा, ओळीने निघतात. मग वरच्या बाजूच्या बरोबर मधल्या रेषेवर बोट किंवा चमचा फिरवून मांस डावीकडे-उजवीकडे सरकवा, दोन पट्ट्या निघतील. खाली मधला काटा पूर्ण उघडा पडतो, तो शेपटीकडून धरून उचला, खालच्या दोन पट्ट्या ताटात राहतात. चार पट्ट्या झाल्या, मांसात आडवेतिडवे काटे नाहीत, लहान मुलांना द्यायला बरा. तरी पोटाच्या जागी एकदा बोट फिरवून बघाच.

कालवण आणि उरलेलं

कालवण करायचं तर दोन्ही बाजू सोला, कातडं रश्शात चिकट लागतं. वाटण, तिखट, कोकम, मालवणी पद्धतीने करत असाल तर ठेचलेली चार-पाच तिरफळं, सगळं आधी पूर्ण उकळून घ्या, मासा अगदी शेवटी सोडा आणि चार-पाच मिनिटांत गॅस बंद. डाव घालायचा नाही, टोप दोन्ही बाजूंनी धरून फिरवायचा. खरं सांगायचं तर मला लेपाचं सुकंच जास्त आवडतं, कांदा, ओलं खोबरं, आगळ, पाणी जवळजवळ नाहीच, आणि सोबत तांदळाची भाकरी.

ठेवायचे असतील तर सोलून, मसाला न लावता, पुसून, एकावर एक न ठेवता पसरून फ्रीझ करा, मध्ये प्लास्टिकचा कागद टाका, नाहीतर सगळे मिळून एक लादी होते आणि सोडवताना तुटतात. पातळ असल्याने फ्रीझरमध्ये लवकर कोरडे पडतात, दोन-तीन आठवड्यांत संपवा. काढल्यावर खालच्या कप्प्यात सुटू द्या, गरम पाण्यात टाकू नका.

सुके लेप मिळाले तर डोकं-शेपूट काढून मंद निखाऱ्यावर, नसेल तर गॅसवर जाळी ठेवून, दोन्हीकडून भाजा, कातडं फुगून सुटतं ते खरवडून टाका, हाताने कुस्करा आणि वर कच्चा कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची, दोन थेंब खोबरेल. खिडकी उघडी ठेवा आणि शेजारी शाकाहारी असतील तर आधी त्यांच्या दाराचा अंदाज घ्या.